हौसेचा पंचनामा कोण करणार?

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, आमच्या किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, अलिबाग या तालुक्यांतल्या वाड्या आडव्या केल्या. पुढचे काही दिवस सरकारी माणसं कागद घेऊन गावोगाव फिरत होती. कागदावर रकाने होते. घर पक्कं की कच्चं, पूर्ण पडलं की अंशतः. नारळ किती, सुपारी किती, आंबे किती. होडी, जाळी, गाय, म्हैस, शेळी.

पंचनामा म्हणजे समाज ज्याला नुकसान मानतो त्याची यादी. जे यादीत येत नाही ते गेलंच नाही, असं समजायचं. या यादीत एक रकाना नव्हता आणि तो नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. गावातल्या बायका एकमेकींना कुठे भेटत होत्या आणि ती जागा आता शिल्लक आहे का, हा तो रकाना.

हा प्रश्न वाचून ज्यांना हसू येईल त्यांच्यासाठीच हा लेख लिहिते आहे. त्यात पुरुष असतील, आणि आपल्या चळवळीतल्या काही मैत्रिणीही असतील.

आम्ही कोण

मुरूड तालुक्यातल्या तीन गावांतल्या आम्ही बावीस बायका. आमच्यात समान काय, तर झाडांची हौस. कुणाला अबोलीचं वेड, कुणाला जास्वंदीचे रंग जमवायचे, कुणी सोनचाफ्याची कलमं बांधते, कुणाकडे मिरीचे वेल. एक कोळीण मावशी घराच्या ओट्यावर फुटक्या टबांतून मोगरा फुलवते. तिच्याकडे अर्धा गुंठाही जमीन नाही. बियाणं, फांद्या, कंद एकमेकींना द्यायचे, जगलं-मेलं सांगायचं, एवढाच आमचा उद्योग. आम्ही काही विकत नव्हतो, कुणाकडून कर्ज घेत नव्हतो, आम्हाला नावही नव्हतं. महिन्यातून एका मंगळवारी दुपारी दोन ते चार आम्ही देवळाच्या सभामंडपात बसायचो.

ही जागा आम्हाला कुणी नाकारली नव्हती, म्हणून ती आपली आहे असं वाटायचं. पण जिची पाळी असे ती खालच्या पायरीवर बसे आणि तिच्या हातातली रोपं दुसरी कुणी वर आणे. मोहल्ल्यातल्या दोघी-तिघी यायच्या, त्या फाटकाशी उभ्या राहून बोलायच्या आणि निघून जायच्या. कातकरी वाडीवरच्या ज्या बायकांना रानातल्या झाडांची आमच्यापेक्षा शंभर पटींनी जास्त माहिती, त्या कधी आल्याच नाहीत. त्यांना यायला कुणी बंदी केली नव्हती. देवळात बसायचं आहे म्हटल्यावर बंदी घालावी लागत नाही.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली. देवळं बंद झाली, सभामंडपाला कुलूप लागलं. मग आम्ही फोनवर भेटू लागलो. मोगऱ्यावर कीड पडली की त्याचा फोटो, कलमाला पालवी फुटली की त्याचा फोटो. आता जागेची अडचण मिटली, फोनला पाळी नाही आणि फाटकही नाही, असं आम्हाला वाटलं. मिटली होती का? बावीस जणींपैकी स्वतःचा फोन नऊ जणींकडे होता. बाकीच्यांचा फोन म्हणजे नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. तो घरात असेल, मोकळा असेल, त्याचा मूड असेल, तेव्हा तिची बैठक. हे काही आमच्याच गावांचं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के जणींनी आपल्याला स्वतः वापरायला मोबाईल आहे असं सांगितलं. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायका तेव्हा दुसऱ्याच्या खिशातून एकमेकींशी बोलत होत्या. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायका ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के.

मग ३ जूनला मनोरे पडले, खांब पडले, तारा तुटल्या. सभामंडप बंद होताच. आता फोनही गेला. आमच्या गावात वीज यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत कोणाची वाडी उभी आहे, कोणाचं कौल शिल्लक आहे, कोणाकडे बियाणं वाचलं, काही कळायचा मार्ग उरला नाही. आणि दिवस कोणते, तर मृगाच्या तोंडावरचे. भोपळा, पडवळ, घोसाळी, चवळी लावायची ती हीच वेळ. राखेत घालून मडक्यात जपलेलं बियाणं घरात पाणी शिरून भिजलं होतं. ते दोन-चार दिवसांत मातीत गेलं नाही तर वर्ष जाणार होतं.

कळशी कमरेवर होती म्हणून

मग आम्ही भेटलो. कुठे, तर विहिरीवर. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही. ज्या विहिरींकडे दहा-पंधरा वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं, त्यांचे रहाट पुन्हा कुरकुरू लागले. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला गावातल्या सगळ्या बायका तिथे. कळशीच्या तोंडावर ओल्या फडक्यात गुंडाळलेली अबोलीची रोपं यायला लागली. भिजलेल्या बिया मुठी-मुठीने वाटल्या गेल्या. दुसऱ्या गावी म्हावरं विकायला जाणाऱ्या मावशीच्या पाटीतून चिठ्ठ्या गेल्या आणि उत्तरं आली. आठवड्याभरात कोणाचं काय वाचलं याची यादी आमच्याकडे तयार होती. तिन्ही गावांत मिळून सुरंगीचं एकच झाड उभं राहिलं होतं, हे आम्हाला त्या यादीतून कळलं. त्याच पावसाळ्यात त्याची रोपं करायला घेतली. मोहल्ल्यातल्या बायका पहिल्यांदा आमच्यात नीट टेकल्या, कारण ती विहीर मोहल्ल्याच्या कडेला होती.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली की ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. संकटात बाई कशी उभी राहते, जुन्या पाणवठ्यावर कशी माया होती, आता नळ आले आणि ती माया गेली, वगैरे. हे कौतुक मला नको आहे. विहिरीवर आम्ही भेटू शकलो, कारण आमच्या कमरेवर कळशी होती. कळशी हा आमचा परवाना होता. घरातून निघताना कुणी विचारलं नाही, कारण पाणी घरालाच हवं होतं. पाणी ओढताना तोंड चालू ठेवायला पैसे पडत नाहीत. तेवढंच आमचं स्वातंत्र्य.

याचा पुरावा तीन आठवड्यांनी मिळाला. वीज आली, नळ आला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम संध्याकाळी पाचला विहिरीवर गेले. तिथे चार जणी होत्या. तिसऱ्या दिवशी एक. आमच्यातल्या एकीला सासूने विचारलं, "आता गो कशाला विहिरीवर?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. मला बायकांना भेटायचं आहे, हे आपल्याकडे उत्तर होत नाही. आणि कातकरी वाडीची विहीर वेगळी होती, त्यामुळे त्या बायका या तीन आठवड्यांतही आमच्यात नव्हत्याच. मायेच्या पाणवठ्याची ही हद्द आहे. पाणवठा सर्वांचा असणं हा मायेचा नाही, हक्काचा प्रश्न आहे, हे याच जिल्ह्याला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याला, मार्च १९२७मध्ये महाडला चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी शिकवलं. ते शिकून आता शंभर वर्षं व्हायला आली.

उसनी जागा

आमची गोष्ट एकटी नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत बायकांनी शेकडो वर्षं ओव्या रचल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांना घेऊन त्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या निघाल्या. एक लाख! जगात कुठल्या कवींच्या मंडळाने एवढं रचलं असेल? पण हे मंडळ कुठे भरत होतं? जात्यावर, पहाटे, दळण दळताना. दोघी समोरासमोर, एकीने सुरू करायचं, दुसरीने पुढे न्यायचं. मग गावात पिठाची गिरणी आली. बाईच्या खांद्यांना आराम मिळाला, तो मिळायलाच हवा होता. जातं परत या असं म्हणणाऱ्याला आधी महिनाभर दळायला बसवावं. पण जातं गेलं तेव्हा त्याच्याबरोबर बायकांच्या गाण्याची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा कुणी दिली नाही. ती एक जागा होती हेच कुणाला माहीत नव्हतं. दळण हे काम होतं. गाणं त्याच्या आडून चाललेलं होतं.

जातं, विहीर, नदीचा घाट, सभामंडप आणि आता फोन. या प्रत्येक ठिकाणी आपण उसन्या बसलो आहोत. जातं घराचं, विहीर गावाची, सभामंडप देवाचा, फोन नवऱ्याचा. काम बदललं, यंत्र बदललं, कुलूप लागलं किंवा वादळ आलं की आपल्याला उठावं लागतं. उठताना कुणी विचारत नाही की तुम्ही आता कुठे बसणार. उसनं घेतलेलं परत गेलं, त्यात नुकसान कसलं?

आपली भाषाच बघा. पुरुषाला छंद असतो, नाद असतो, शौक असतो. तो चांगला असो की वाईट, त्याचा असतो. बाईची मात्र हौस असते आणि ती कुणीतरी पुरवायची असते. "मी तिची हौस पुरवली," असं नवरा चारचौघांत सांगतो. जी गोष्ट दुसऱ्याने पुरवायची असते, ती बंद करणंही दुसऱ्याच्याच हातात असतं.

त्यांच्या हौसेला मात्र कायदा

आमच्या रायगडात पुरुषांच्या हौसेला काय कमी आहे? गावोगाव कबड्डीची मैदानं आहेत. हिवाळ्यात टेनिस बॉल क्रिकेटचे सामने लागले की मंडप, कमानी, ध्वनिवर्धक, पुढाऱ्यांचे फोटो, चषक. पुळणीवर बैलगाड्यांच्या शर्यती होतात. या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी आणली तेव्हा काय झालं, ते आठवून पाहा. राज्यभर आंदोलनं झाली. २०१७मध्ये विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. राज्य सरकार न्यायालयात भांडलं. डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. शर्यती बऱ्या की वाईट हा वाद मी इथे घालत नाही. मला एवढंच दिसतं की पुरुषांचा एक नाद बंद पडला, तर त्याला संस्कृती म्हणतात, परंपरा म्हणतात, शेतकऱ्याची अस्मिता म्हणतात. त्यासाठी विधिमंडळ कायदा करतं. बायकांची बसायची जागा बंद पडली तर ग्रामपंचायतीच्या वहीत एक ओळ येत नाही.

वेळेचं गणितही मांडू या. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होती आणि अशी कामं करणारा पुरुष ९७ मिनिटं. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बाईची दहा मिनिटं वाचली म्हणून पेढे वाटावेत, तर पुरुषानेही आपली नऊ कमी करून घेतली आहेत. या जवळजवळ पाच तासांत शेतावरचं काम, मासळी विकणं, मजुरी, नोकरी धरलेली नाही. यातून उरलेल्या वेळातले महिन्याला दोन तास आम्ही मागत होतो. चोवीस मिनिटांचा एक तुकडा आठवड्याला पाच वेळा वाचवला तर तेवढे दोन तास एका आठवड्यात जमतात. कोणत्या घराला तेवढं परवडत नाही?

देव, कर्ज आणि मत

वादळानंतर त्याच वर्षी आम्ही आमच्या ग्रामपंचायतीत जाऊन जागा मागितली. समाजमंदिराची एक खोली, महिन्यातून एकदा, दोन तास. आमचं ऐकून घेतलं गेलं. मग प्रश्न आला, "तुमचा बचतगट आहे का?" नाही. "भजनी मंडळ?" नाही. "मग काय करणार तिथे बसून?" आम्ही सांगितलं, झाडांविषयी बोलणार. समोरची मंडळी हसली. मग एकाने समजावणीच्या सुरात सल्ला दिला, "त्यापेक्षा रोपवाटिका काढा ना. योजना आहे. चार पैसे मिळतील."

मैत्रिणींनो, या सल्ल्यात आपली सगळी स्थिती आली आहे. गावात बायकांनी एकत्र जमायला तीनच कारणं मान्य आहेत. देव, कर्ज आणि मत. सप्ताह असेल, हळदीकुंकू असेल, भजन असेल तर जमा. बचतगटाचा हप्ता भरायचा असेल तर जमा. निवडणूक आली, पुढारी आला, साड्या वाटायच्या असतील तर जमाच, गाडीही पाठवतो. चौथं कारण नाही. स्वतःला आवडतं म्हणून, कुणाचा फायदा नसताना, कुणाची सेवा नसताना बायका एकत्र बसल्या, तर ते संशयास्पद आहे. नाहीतर हास्यास्पद.

मी बचतगटांच्या विरोधात नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झालं, पुढे त्याने गावोगाव गट बांधले. त्या गटांमुळे पहिल्यांदा बँकेची पायरी चढलेल्या शेकडो बायका मी पाहिल्या आहेत. पण आता असं झालं आहे की बाईच्या प्रत्येक क्षणातून उत्पन्न निघालं पाहिजे. तिला भरतकाम येतं, विकायला काढ. लोणचं चांगलं घालते, पाकिटं भर. फुलझाडं लावते, रोपवाटिका काढ. पुरुषाने दिवसभर क्रिकेट खेळलं तर त्याला कुणी सांगत नाही की बॅटी बनवायचा कारखाना काढ. घरकाम, शेतकाम, गटाचं काम आणि वर हौसेचंही काम. सक्षमीकरणाच्या नावाखाली आपल्याकडचा शेवटचा मोकळा तासही कामाला जुंपला जातो आहे. त्या तासाला आम्ही नाही म्हणतो.

चळवळीतल्या मैत्रिणींना

आता घरातलं बोलू. आपल्यापैकी काही जणी म्हणतील, बलात्कार आहेत, हुंड्याचे बळी आहेत, पाणी नाही, मजुरी नाही, आणि ही बाई अबोलीच्या रोपांवर पानं भरते आहे. दुसरा आक्षेप असा की हौस हा पोट भरलेल्या बायकांचा प्रश्न आहे.

दुसऱ्या आक्षेपाला आमची कोळीण मावशी उत्तर आहे. पहाटे तीनला उठून बंदरावर जाणारी, अंगावर कर्ज असलेली, फुटक्या टबात मोगरा लावणारी. तिला हौस परवडत नाही असं ठरवणारे आपण कोण? ओव्या रचणाऱ्या बायका काय पोट भरलेल्या होत्या? गरिबीने हौस मरत नाही. तिला जागा मिळत नाही, एवढंच होतं.

पहिल्या आक्षेपाचं उत्तर इतिहासात आहे. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध झालं. त्यांतलं पुस्तक आपल्याला तलवारीसारखं वाटतं आणि बायकांची सभा मात्र मवाळ वाटते. पण बायकांनी आठवड्यातून एकदा घराबाहेर पडून एकत्र बसणं, याच गोष्टीवर त्या काळात घराघरांतून केवढा गहजब झाला! विरोध करणाऱ्यांना बरोबर कळलं होतं. बायका आज वाचायला बसल्या तर उद्या एकमेकींना घरचं सांगतील. आणि तसंच होतं. आमच्या मंगळवारच्या बैठकीत एक जण सतत तीन महिने लांब बाह्यांचा ब्लाउज घालून आली, उन्हाळ्यातही. तिला कुणी समुपदेशन केंद्रात पाठवलं नव्हतं. गुलाबाची छाटणी करताना बाही वर सरकली आणि शेजारचीने पाहिलं. पुढे काय झालं ते इथे लिहिणं योग्य नाही, पण ती आज सुरक्षित आहे. टाळेबंदीत घरातली मारहाण वाढल्याच्या तक्रारींची नोंद राष्ट्रीय महिला आयोगाने घेतली. त्याच काळात अशा हजारो बिननावाच्या बैठका बंद पडल्या होत्या. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, असं कुणी मला पटवून द्यावं.

म्हणून मी म्हणते की हौसेची जागा हा बिनमहत्त्वाचा प्रश्न नाही. मात्र एक सावधगिरी हवी. आम्ही हौसेसाठी बसलो म्हणूनच ती बाई आली. मारहाणीवर बोलायची बैठक असती तर तिला घरून सोडलं नसतं आणि ती स्वतःही आली नसती. तेव्हा प्रत्येक हौशी बैठकीचं लगेच शिबिर करू नका. तिला हौसच राहू द्या.

कुणाच्या नावावर

पुन्हा वादळाकडे येते. फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये मदत ठरली. म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये, आणि आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत मोजतात. ओरड झाली तेव्हा झाडामागे मदत ठरली. नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. ती कुणाला मिळाली? सातबारावर नाव असेल त्याला. २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या शेतीच्या वहिवाटदारांपैकी जेमतेम १४ टक्के बायका होत्या. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, देशाने २००५ साली. कायद्यात नाव आलं, सातबाऱ्यावर यायचं आहे. झाडाला पाणी घालणारी एक आणि झाडाचे पैसे घेणारा दुसरा, हे वादळाने नवीन केलेलं नाही. वादळाने ते उघड्यावर आणलं.

जागेचंही तसंच आहे. नावावर नसेल तर ती आपली नाही. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेलं आणि पुन्हा वीज गेली. यापुढेही वादळं येतील. दर वेळी कळशी घेऊन विहिरीवर भेटायचं आणि नळ आला की घरी बसायचं, हे आम्हाला मान्य नाही.

मागणी लांबलचक नाही आणि कायद्याबाहेरचीही नाही. नेहमीच्या ग्रामसभेआधी बायकांची स्वतंत्र सभा घेतली पाहिजे, हे ग्रामपंचायत कायद्यात आहे. बहुतेक गावांत ती कागदावरच होते, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. पंचायतीच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा नियम आहे. तो बहुधा कशावर खर्च होतो ते आपापल्या गावात विचारा. पंचायतीत निम्म्या जागांवर आपल्या बायका बसल्या आहेत, २०११पासून राज्यात तसा कायदा आहे. तेव्हा दार कुठे ठोठवायचं हे आपल्याला माहीत आहे.

आम्ही पुढच्या महिला सभेत मांडणार आहोत तो ठराव खाली देते. आपल्या गावात मांडायचा असेल तर जसाच्या तसा उतरवून घ्या, हवे ते बदल करा.

"या गावातील कोणत्याही जातीच्या, धर्माच्या आणि वस्तीतील स्त्रियांना एकत्र बसण्यासाठी गावाच्या मालकीची एक खोली, देऊळ, मशीद वा कोणाचे घर सोडून, कायमस्वरूपी नेमून द्यावी. तिथे संडास, पाणी आणि दिवा असावा. तिची एक चावी स्त्रियांकडे राहील. तिथे बसण्यासाठी बचतगट असण्याची, काही विकण्याची वा कारण सांगण्याची अट असणार नाही. खर्च महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून करावा. आपत्तीनंतर गावाच्या नुकसानीची पाहणी होईल तेव्हा या खोलीची पाहणी घर आणि शाळा यांच्याबरोबर पहिल्या आठवड्यात करावी."

ठराव वहीत लिहून घेतल्याशिवाय सभेतून उठू नका. आणि सूचक, अनुमोदक म्हणून अमक्याची पत्नी असं लिहू देऊ नका. स्वतःचं नाव लिहा.